मोबाईलवरची शेतवही : माहिती गोळा करणारे अ‍ॅप कसे तयार होते?



रेडिओवर आपली भेट होतच असते. पण बोललेला शब्द वाऱ्यावर जातो. काही गोष्टी हातात धरून, थांबून थांबून वाचाव्या लागतात. घरातल्या शिकत्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्याव्या लागतात. त्यासाठी ही पत्रिका. वाचून झाल्यावर फेकू नका, सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. का, ते शेवटी कळेल.

गेल्या खरिपातली गोष्ट. मुरबाडकडच्या एका गावात मी बांधावर बसलो होतो. एका काकांनी मोबाईल पुढे केला आणि म्हणाले, "सायेब, हा फोन मला विचारतो, शेतात कोणतं पीक आहे? भात समोर उभा आहे, मीही समोर उभा आहे. मग ह्याला सांगायचं कशाला? आणि सांगितलं तर ते जातं कुठं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आज पिकाची नोंद मोबाईलवर, किडीची पाहणी मोबाईलवर, विद्यापीठाची प्रश्नावलीही मोबाईलवर. पण हे अ‍ॅप कोण बनवतो, कसे बनवतो, त्यात चूक कुठे राहते आणि त्या चुकीची किंमत कोण मोजतो, हे शेतकऱ्याला कोणी सांगत नाही. ते आज पाहू. मी स्वतः एक लहानसे अ‍ॅप तयार केले होते आणि त्यात सपाटून मार खाल्ला. तीही हकीकत सांगतो.

माहिती हवी कशाला?

मी कळव्याला राहतो. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. शेजारच्या खारेगावच्या तर नावातच खार आहे. जुनी माणसे बोट करून दाखवतात, "इथं आमची भाताची खाचरं होती." आज तिथे इमारती आहेत. पण पुढे कल्याण, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड, शहापूर या तालुक्यांत गेले की अजून आवणी होते, भात उभा राहतो, भातामागून वाल-हरभरा येतो, वरकस जमिनीवर नागली आणि वरी असते.

आता विचार करा. यंदा कोणत्या गावात किती भात लागला? कोणत्या शिवारात खोडकिडा आहे? खाडीचे खारे पाणी किती खाचरांत शिरले? हे मुंबईत किंवा दापोलीत बसून कोणालाच कळत नाही. कळले नाही तर बियाणे कमी येते, औषधाचा सल्ला उशिरा येतो, नुकसानीचा अंदाज चुकतो. डॉक्टर नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. शेतीची नाडी म्हणजे ही माहिती.

नाडी पाहण्याचे काम नवे नाही. आपल्या देशात पहिली कृषी गणना १९७०-७१ साली झाली. ती कागदावर. तेव्हापासून दर पाच वर्षांनी ती होत आली. २०२१-२२ सालासाठीच्या अकराव्या गणनेत पहिल्यांदा मोबाईल आणि टॅबलेट वापरायचे ठरले. म्हणजे पन्नास वर्षे जे काम तक्ते आणि शाईवर चालले, ते आता बोटाच्या टोकावर आले.

आपल्याच राज्यातली दोन उदाहरणे

पहिले उदाहरण किडीचे. २००८ सालच्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा हल्ला झाला. अळी दिसेपर्यंत पीक हातचे गेले होते. त्यातून धडा घेऊन राज्याच्या कृषी खात्याने २००९-१० पासून कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला. त्याला सगळे 'क्रॉपसॅप' म्हणतात. त्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेची कीड व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आणि आपली कृषी विद्यापीठे सामील झाली. पद्धत साधी. नेमलेला माणूस ठरलेल्या दिवशी शेतात जातो, कीड मोजतो, आकडे पाठवतो. तज्ज्ञ ते पाहतात आणि सल्ला शेतकऱ्याच्या फोनवर येतो. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा यांच्यापासून सुरुवात झाली, पुढे भातही त्यात आला. फळबागांसाठी 'हॉर्टसॅप' आले.

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीचे : ई-पीक पाहणी. सातबाऱ्यातला बारा म्हणजे पिकाची नोंदवही. ती पूर्वी तलाठी भरत. एकेका तलाठ्याकडे अनेक गावे, मग प्रत्येक गटात जाणे व्हायचे नाही. कधी मागच्या वर्षीचेच पीक पुढे चालू राहायचे. भात असलेल्या गटात 'पड' लिहिलेले तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. महसूल खाते आणि कृषी खाते यांनी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने हे अ‍ॅप तयार केले आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ते राज्यभर लागू झाले. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभे राहून, फोटो काढून करायची. त्यानंतर केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेली नवी आवृत्ती आली.

एक उदाहरण संशोधनाचे, दुसरे महसुली नोंदीचे. पण दोन्हींचा सांगाडा एकच आहे.

अ‍ॅप म्हणजे काय?

सोपे करून सांगतो. एक छापील तक्ता घ्या. त्याच्या शेजारी एक कारकून बसवा. तुम्ही रकाना रिकामा सोडला तर तो म्हणतो, "दादा, हे राहिलं." दहा एकराच्या जागी हजार एकर लिहिले तर म्हणतो, "पुन्हा बघा." तारीख, वेळ आणि जागा तो स्वतःच लिहून घेतो. रेंज नसेल तर कागद पिशवीत जपून ठेवतो आणि रेंज आल्यावर पोचता करतो. तक्ता अधिक कारकून म्हणजे अ‍ॅप.

मात्र हा कारकून स्वतःच्या डोक्याने काही करत नाही. त्याला जेवढे शिकवले तेवढेच तो जाणतो. म्हणून शिकवणाऱ्याला शेती कळली पाहिजे. नाहीतर यंत्र उत्तम आणि माहिती कुचकामी, असा प्रकार होतो.

अ‍ॅप तयार करण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी : नेमका प्रश्न ठरवणे. 'भाताची माहिती गोळा करू' हा प्रश्न नव्हे. 'खोडकिड्याचे प्रमाण औषध मारण्याइतके झाले आहे का?' हा प्रश्न. प्रश्न ठरला की काय मोजायचे ते आपोआप ठरते. खोडकिडा लागला की वाढीच्या काळात मधला पोंगा सुकतो, त्याला गाभेमर म्हणतात. लोंबी येताना लागला तर लोंबी पांढरी आणि पोकळ पडते, ती पळींज. सुमारे ५ टक्के फुटवे किडलेले दिसले की उपाय करावा, असा शास्त्राचा दाखला आहे. मग अ‍ॅपला दोनच आकडे हवेत : एकूण फुटवे किती आणि किडलेले किती. वीस चूड मोजले, त्यात २४० फुटवे निघाले, १५ किडलेले, तर प्रमाण सव्वासहा टक्के. हा हिशेब अ‍ॅपने करायचा. शेतकऱ्याने फक्त मोजायचे.

दुसरी पायरी : प्रश्न कमी ठेवणे. साहेबलोकांना मोह होतो, "आलोच आहोत तर हेही विचारू, तेही विचारू." चाळीस प्रश्न होतात. चिखलात उभा असलेला माणूस दहाव्या प्रश्नानंतर कंटाळतो आणि पुढचे सगळे अंदाजपंचे भरतो. ज्या उत्तराचा पुढे उपयोग नाही, तो प्रश्न विचारूच नये.

तिसरी पायरी : लिहायला न लावता निवडायला लावणे. एकाने 'नाचणी' लिहिले, दुसऱ्याने 'नागली', तिसऱ्याने 'नाचनी', तर यंत्र म्हणते ही तीन पिके. म्हणून यादी द्यायची आणि त्यात बोट ठेवायचे. पण यादी करताना गावची नावे हवीत. नुसते 'नाचणी' ठेवले तर आमच्या भागातला माणूस 'नागली' शोधत बसतो आणि सापडत नाही म्हणून 'इतर' दाबतो. नागलीत तूर घेतली असेल, तर मिश्र पीक सांगायची सोय हवी. ती नसेल तर एक पीक कागदावरून नाहीसे होते.

चौथी पायरी : माप एकच धरणे. घरात आपण गुंठ्यात बोलतो, बाजारात एकरात, सातबाऱ्यावर हेक्टर-आर असते. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक हेक्टर म्हणजे १०० आर, साधारण अडीच एकर. एक गुंठा आणि एक आर जवळजवळ सारखेच. 'क्षेत्र किती?' एवढेच विचारले आणि उत्तर '१०' आले, तर ते १० गुंठे की १० एकर? चाळीस पटीचा फरक! म्हणून प्रश्नातच माप लिहिलेले हवे.

पाचवी पायरी : जागा पक्की करणे. मोबाईलला आकाशातल्या उपग्रहांकडून जागा कळते. त्यासाठी निदान चार उपग्रहांचा इशारा लागतो. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. जागा कळायला रेंज लागत नाही, मोकळे आकाश लागते. रेंज लागते ती नकाशा उघडायला आणि माहिती पाठवायला. आंब्याखाली किंवा पत्र्याच्या पडवीत उभे राहिलात तर जागा चुकते. उघड्यावरही साध्या फोनची चूक पाचेक मीटरपर्यंत असू शकते. आपले एक गुंठ्याचे खाचर म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, साधारण दहा मीटर. बांधावर उभे राहिलात तर फोन तुम्हाला सहज शेजाऱ्याच्या खाचरात नेऊन ठेवतो. म्हणून खाचराच्या मध्याजवळ उभे राहा, मिनिटभर थांबा, मग बटण दाबा.

सहावी पायरी : रेंज नसताना काम चालणे. शहापूर-मुरबाडच्या डोंगरकडेला रेंज येते आणि जाते. जे अ‍ॅप रेंजशिवाय उघडतच नाही, ते तिथे निकामी. चांगले अ‍ॅप माहिती फोनमध्ये साठवते आणि गावात आल्यावर पाठवते.

सातवी पायरी : शेतात तपासणे. पंख्याखाली बसून सगळे अ‍ॅप छान चालतात. भर पावसात, ओल्या बोटाने, एका हातात छत्री धरून, भेगा पडलेल्या काचेच्या फोनवर ते चालते का? दुपारच्या उन्हात अक्षर दिसते का? साठीच्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येते का? चारपाच शेतकऱ्यांच्या हातात फोन द्यावा, आपण गप्प उभे राहावे आणि ते कुठे अडतात ते पाहावे. जिथे अडतात, तिथे दोष अ‍ॅपचा, शेतकऱ्याचा नव्हे.

आठवी पायरी : दुरुस्तीची आणि पडताळणीची सोय. माणूस चुकणारच. ई-पीक पाहणीची सुधारित आवृत्ती २०२२ साली आली, तेव्हा नोंद केल्यापासून ४८ तासांत शेतकऱ्याला स्वतः दुरुस्ती करता येऊ लागली आणि काही नोंदी तलाठ्याने शेतात जाऊन पडताळायच्या असे ठरले. ही रीत चांगली. विश्वास ठेवावा, पण थोडे तपासूनही पाहावे.

एवढे सगळे करायला मोठी कंपनीच लागते असे नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ साली 'ओपन डेटा किट' नावाचे साधन तयार करायला सुरुवात झाली. ते फुकट वापरता येते. प्रश्न आणि पर्याय एका तक्त्यात लिहायचे, तक्ता त्या साधनाला द्यायचा, की अँड्रॉइड फोनवर भरता येईल असा फॉर्म तयार. मराठी अक्षरे चालतात, फोटो चालतो, जागा नोंदवता येते, रेंज नसली तरी चालते. त्याच पायावर 'कोबो टूलबॉक्स' नावाचे साधनही उभे आहे. कृषी पदवीधर मुलगा आठवड्याभरात हे शिकू शकतो. मीही असाच शिकलो.

माझी चूक

आता कबुली. काही वर्षांपूर्वी मी पाच गावांतल्या भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांची पाहणी करायला असा एक फॉर्म तयार केला. हे तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी बसून रस शोषतात. वरून पीक हिरवेगार दिसते आणि बघता बघता खाचरात जळल्यासारखे गोल चट्टे पडतात. म्हणून बुंध्याशी वाकून मोजावे लागते. त्या हंगामात आम्ही चुडामागे १० तुडतुडे ही इशाऱ्याची रेघ धरली होती. सरासरी त्याच्या वर गेली की सगळ्यांच्या फोनवर निरोप जायचा, "पाणी काढा, युरिया थांबवा, बुंध्याकडे पाहा."

एका आठवड्यात तीन गावांतून आकडे आले : १२, ९ आणि १०. उरलेल्या दोन गावांत त्या दिवशी ओढ्याला पाणी होते, मुले शेतापर्यंत पोचलीच नाहीत. त्यांनी रकाना रिकामा सोडला. प्रामाणिकपणे सोडला. पण माझ्या फॉर्मने रिकामा रकाना शून्य धरला. तीन गावांची खरी सरासरी दहाच्या वर होती. पाचांनी भागल्यावर ती सहाच्या आसपास आली. तक्ता म्हणाला, काळजी नाही. निरोप गेला नाही.

पुढच्या आठवड्यात एका भगिनीचा फोन आला. "दादा, तुम्ही काही कळवलं नाही, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. येऊन बघा." जाऊन पाहिले. खाचराच्या मधोमध तपकिरी चट्टे पडले होते. त्या मला रागावल्या नाहीत. "चहा घ्या," म्हणाल्या. तो चहा घशाखाली उतरला नाही.

रिकामे आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य म्हणजे 'पाहिले, कीड नाही.' रिकामे म्हणजे 'पाहिलेच नाही.' आता मी कोणताही फॉर्म करताना आधी विचारतो, 'आज शेतात जाऊन पाहिले का? हो / नाही.' हो म्हटले तरच आकड्याचा रकाना उघडतो. नाही म्हटले तर ते गाव सरासरीत धरतच नाही. 'या गावाची माहिती नाही' असे वेगळे दिसते आणि दुसऱ्या दिवशी तिथे माणूस पाठवता येतो. हा एक प्रश्न आधी टाकला असता, तर ते खाचर कदाचित वाचले असते.

यंत्र चुकत नाही, पण माणूस जागा निवडतो

दुसरी चूक अ‍ॅपची नसते, आपली असते. पाहणीला गेलेला माणूस बांधाजवळच्या चार चुडांत मोजून परत येतो, कारण आत चिखल असतो. किंवा ज्या कोपऱ्यात कीड दाट दिसते, तिथलाच फोटो काढतो. दोन्हींत शेताचे खरे चित्र येत नाही. पहिल्याने धोका लपतो, दुसऱ्याने नको तेवढे औषध मारले जाते, पैसा जातो, मित्रकीटक मरतात.

भाताची शिते चाचपताना आपण हंडीत एकाच जागी डाव घालतो का? थोडे ढवळून, इकडून तिकडून पाहतो. तसेच इथे. बांधालगतचे दोन-तीन फूट सोडा. शेताच्या एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरके चालत जा. वाटेत पाच ठिकाणी थांबा. प्रत्येक ठिकाणी न निवडता, हाताला येतील ते चार चूड मोजा. पाच चोक वीस. या वीस चुडांचा आकडा साऱ्या शेताबद्दल खरे बोलतो.

माहिती जाते कुठे? आणि ती कोणाची?

आता काकांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. तुम्ही बटण दाबले की माहिती एका मोठ्या संगणकावर जाऊन बसते. ई-पीक पाहणीची नोंद पुढे तुमच्या सातबाऱ्यावर येते. संशोधनासाठी घेतलेली माहिती मात्र नाव-गाव काढून, नुसत्या आकड्यांच्या रूपात वापरली जावी, ही चांगली रीत. शास्त्रज्ञाला खोडकिडा किती हे हवे असते, तुमचे नाव नको असते.

तुमची माहिती ही तुमची चीज आहे. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला. त्याच्या मुळाशी गोष्ट अशी की, माहिती कशासाठी घेतो ते सांगावे, संमती घ्यावी आणि सांगितले त्याच कामाला ती वापरावी. म्हणून कोणी पाहणीला आले की न लाजता चार प्रश्न विचारा :

१. तुम्ही कोणत्या खात्याचे, कोणत्या विद्यापीठाचे? ओळखपत्र दाखवा.

२. ही माहिती कशासाठी घेता?

३. माझे नाव आणि फोन नंबर कोणाकोणाला दिसणार?

४. याचा निष्कर्ष आम्हाला कधी आणि कसा कळवणार?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. शेतकऱ्याकडून माहिती न्यायची आणि परत काही द्यायचे नाही, हा व्यवहार एकतर्फी झाला. ज्या अ‍ॅपमधून माहिती जाते, त्यातूनच सल्ला परत आला पाहिजे. तसे झाले तर पुढच्या हंगामात तुम्हीही मनापासून भराल.

आणि एक. किडीच्या किंवा पिकाच्या पाहणीला बँकेचा खाते नंबर, एटीएमचा आकडा लागत नाही. फोनवर आलेला ओटीपी स्वतःच्या हाताने अ‍ॅपमध्ये घाला, पण फोन करून विचारणाऱ्या परक्या माणसाला तो सांगू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कोणत्याही दुव्यावरून अ‍ॅप उतरवू नका. आधी कृषी सहायकाला किंवा तलाठी भाऊसाहेबांना विचारा. त्यांच्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.

नोंद राहिली तर?

"नाही भरलं तर काय बिघडलं?" असे काही जण म्हणतात. एका गावातली गोष्ट सांगतो. दोन भाऊ, शेजारी शेजारी गट. दोघांचेही भात चांगले पिकले. धाकट्याने पिकाची नोंद वेळेवर केली. थोरला म्हणाला, "बघू नंतर." लग्नसराई आली, पाऊस आला, मुदत गेली. हमीभावाने भात घालायची वेळ आली तेव्हा सातबाऱ्यावर पीक दिसेना. धाकट्याचा भात केंद्रावर गेला, थोरल्याला पडेल भावाने व्यापाऱ्याला द्यावा लागला. कोठारातला भात खरा होता, घाम खरा होता, फक्त कागदावर तो नव्हता.

आमच्या ठाण्याच्या भागात याला आणखी एक बाजू आहे. शहर वाढते आहे. एखाद्या गटात वर्षामागून वर्षे 'पड' दिसू लागले, तर बाहेरच्याला वाटते इथे आता शेती उरलेली नाही. तुम्ही दरवर्षी केलेली भाताची, वालाची, नागलीची नोंद सांगते की या मातीत अजून पीक येते आणि ते काढणारी माणसे इथे आहेत. कळव्याची खाचरे गेली, त्यांची आठवण म्हाताऱ्या माणसांच्या बोटांत उरली आहे. तुमची तरी कागदावर राहू द्या.

हे लक्षात ठेवा

• नोंद शेवटच्या दिवशी करू नका. शेवटी सगळेच एकदम करतात आणि यंत्रणा संथ होते.

• शेतात जाण्याआधी फोन पूर्ण चार्ज करा. पावसात प्लॅस्टिकची पिशवी बरोबर ठेवा.

• सातबारा समोर ठेवा. गट नंबर आणि क्षेत्र हेक्टर-आरमध्ये पाहूनच भरा.

• फोटो खाचरात उभे राहून काढा. पीक स्पष्ट दिसू द्या.

• मिश्र पीक, बांधावरची झाडे विसरू नका.

• कीड मोजताना पाच ठिकाणचे वीस चूड मोजा.

• कीड नसेल तर शून्य भरा. पाहिले नसेल तर तसे स्पष्ट सांगा.

• भरून झाल्यावर नोंद पोचली का ते पाहा आणि पडद्याचा फोटो जपून ठेवा.

• घरात साधाच फोन असेल तर शेजाऱ्याच्या, पुतण्याच्या फोनवरून भरा, पण स्वतः शेतात उभे राहा. दुसऱ्याच्या भरवशावर पीक सोपवू नका.

मुदती आणि नियम हंगामागणिक बदलतात. म्हणून प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला गावच्या तलाठ्याकडे आणि कृषी सहायकाकडे चौकशी करा. शंका असल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

बांधावरच्या त्या काकांना मी हे सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे सायेब, आमचे वडील भिंतीवर कोळशाने रेघा मारून भाताच्या मापांचा हिशेब ठेवायचे, तसंच हे. फक्त भिंत लांब गेली." मी म्हटले, "अगदी तसंच. आणि काका, लांब गेली म्हणूनच आपली रेघ बरोबर मारली की नाही, हे आपणच बघायचं."

त्यांनी फोन घेतला, धोतर गुडघ्याच्या वर खोचले आणि खाचराच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

तुमचे अनुभव पोस्टकार्डावर जरूर कळवा. अ‍ॅपमध्ये कुठे अडलात, कोणता शब्द कळला नाही, कोणते पीक यादीत सापडले नाही, तेही लिहा. पुढची सुधारणा त्यातूनच होणार आहे. आणि ही पत्रिका सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. पुढच्या हंगामात सातबारा बाहेर काढाल, तेव्हा ही आपोआप हाताला लागेल, म्हणून सुरुवातीला तसे सांगितले.

भेटूया, पुन्हा रेडिओवर. रामराम.